परसदार : हिरव्या टोमॅटोची मर

सकाळी पाणी घालताना टवटवीत असलेले टोमॅटोचे झाड दुपारी बारा वाजता मान टाकते. उन्हाने झाले असेल म्हणून आपण सोडून देतो. संध्याकाळी ते पुन्हा उभे राहते आणि आपल्यालाही हायसे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या दिवशी मात्र ते उठत नाही. पाने हिरवीगार, फांद्यांना फळे लगडलेली, कुठे कीड नाही की डाग नाही, आणि झाड मात्र गेलेले!

राधानगरीहून एका भगिनीने नेमके हेच लिहिले आहे. गणपती झाल्यावर त्यांनी घरामागे चाळीस रोपे लावली. दसऱ्यापर्यंत अकरा गेली. गेल्या साली याच जागेत मिरची होती, ती बरी आली होती. आठवड्याच्या बाजारात भाजी विकून चार पैसे मिळाले आणि मुलीच्या क्लासची फी त्यातून भागली. यंदा बचत गटाचा हप्ता या टोमॅटोवर धरला होता. सासूबाई म्हणतात, "कुणाची तरी नजर लागली बघ." दुकानदाराने दोन पुड्या दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. आणि घरधन्यांनी जाहीर करून टाकले आहे की पुढच्या वर्षी हा उद्योग बंद, भाजी विकत आणू. शेवटी बाई विचारतात, "उरलेली एकोणतीस वाचतील का? ते चांगले जिवाणू घालतात म्हणे, ते घालून बघू का?"

नजर काढायची असेल तर जरूर काढा, मीठ-मोहऱ्या काही फार महाग नाहीत. पण त्याआधी स्वयंपाकघरातला काचेचा एक पेला घ्या.

मान टाकलेले एक झाड उपटा. जमिनीलगतचा खोडाचा तीन-चार इंचांचा तुकडा धारदार सुरीने कापा. पेल्यात स्वच्छ पाणी भरून तुकड्याचे कापलेले टोक पाण्यात बुडेल असे धरा आणि हात हलवू नका. पाच-दहा मिनिटे थांबा. कापलेल्या जागेतून दुधासारखे पांढरे, बारीक धागे खाली उतरू लागले तर ओळखावे की ही जिवाणूंची मर आहे. निदानाची ही युक्ती शेतीशाळेतले लोकही वापरतात आणि तिला पैसा लागत नाही. पेल्यातले पाणी मात्र मोरीत ओतू नका, कारण मोरीचे पाणी बहुतेक घरी परसातच जाते. ते उकळवा आणि मगच टाका. सुरीही उकळत्या पाण्यातून काढा.

धागे आले नाहीत, तर झाड नीट बघा. आधी खालची पाने पिवळी पडली, तीही पुष्कळदा एकाच बाजूची, झाड पंधरा-वीस दिवस रेंगाळत गेले, आणि खोड उभे चिरल्यावर आत तपकिरी रेघ दिसली, तर ती फ्युजेरियम नावाच्या बुरशीची मर. खोडाच्या बुडाशी पांढरा कापसासारखा थर आणि त्यात मोहरीएवढे दाणे दिसले, तर ती आणखी वेगळी बुरशी. बुरशीवर उपाय निराळे, जिवाणूंवर निराळे. दुकानदाराच्या पुड्यांनी काही झाले नाही, त्याचे कारण हेच असावे. बहुतेक पुड्या बुरशीच्या असतात, आणि हिरवेगार असतानाच झाड कोसळते ते बहुधा जिवाणूंनी.

या जिवाणूचे आजचे नाव राल्स्टोनिया सोलॅनासिआरम. जुन्या पुस्तकांत तुम्हाला तो सुडोमोनास सोलॅनासिआरम म्हणून भेटेल. लग्नात मुलीचे नाव बदलावे तसे १९९० नंतर शास्त्रज्ञांनी त्याचे नाव बदलले. हे मुद्दाम सांगते आहे, कारण पुढे ज्या उपकारक जिवाणूविषयी लिहायचे आहे त्याचे नावही सुडोमोनासच आहे, आणि दोघांची गल्लत व्हायला नको. अमेरिकेत एर्विन स्मिथ यांनी १८९६ साली टोमॅटो, बटाटा आणि वांगे यांवरच्या या रोगाचा जंतू शोधून त्याचे वर्णन केले. पण आपल्याकडे त्याची ओळख त्याहून जुनी आहे. पुणे जिल्ह्यात बटाट्यावर हा रोग १८९२ सालीच नोंदला गेला होता. शेतकरी त्याला 'बांगडी' म्हणत, कारण रोगट बटाटा आडवा कापला की आत तपकिरी रंगाचे गोल कडे दिसते. नाव ठेवणाऱ्याची नजर किती बारीक होती बघा!

जंतू मातीत असतो. मुळाला खुरप्याचा ओरखडा लागला, सूत्रकृमीने भोक पाडले, किंवा नवे मूळ फुटताना साल जरा उकलली, की तेवढ्या दारातून तो आत शिरतो. आत ज्या नळ्यांतून पाणी वर चढते त्यांत त्याची पैदास होते आणि त्याच्या चिकट रसाने नळ्या तुंबतात. पाकाने बारीक नळी बंद व्हावी तसे. मुळांना पाणी मिळते, पण ते पानांपर्यंत पोहोचत नाही. झाड सुकले म्हणून आपण आणखी पाणी घालतो, आणि ओल्या उबदार मातीत त्याचे आणखी फावते. शिवाय ते पाणी वाहत शेजारच्या आळ्यात जाते आणि आजार सोबत घेऊन जाते.

आता राधानगरीचेच का, ते बघा. शाहू महाराजांनी आपल्या कन्येच्या, राधाबाई अक्कासाहेबांच्या नावाने वसवलेले हे गाव सह्याद्रीच्या कुशीत आहे. पाऊस इतका की धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले ही बातमी दर पावसाळ्यात कोल्हापूरकर वाट बघून वाचतात. अशा पावसाने धुतलेली तांबडी माती आम्लधर्मी होते. पावसाळा ओसरतो, जमिनीत ओल भरपूर असते, आणि वर ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. ओली माती आणि तिसाच्या पुढे गेलेला पारा, यापरते या जंतूला दुसरे काही नको. कोकणात आणि गोव्यातही हेच दुखणे आहे. त्यातून आपली घरे उताराची. वरच्या घरच्या परसातले पाणी खालच्या घरच्या वाफ्यात येते. पत्रात बाईंनी शेजारणीचा उल्लेख केला आहे आणि जरा रागानेच केला आहे. पण पाणी कुणाच्या सांगण्यावरून वाहत नाही. दोघींनी मिळून बांधाच्या कडेने एक हातभर खोल चर खणला तर दोघींचेही भले होईल.

दुसरे कारण मिरची. टोमॅटो, वांगे, मिरची, बटाटा ही एकच भावकी. एकाच्या मागे लागलेला रोग दुसऱ्याला वारशाने मिळतो. गेल्या साली मिरची बरी आली म्हणजे माती निर्दोष होती असे नव्हे. एखाद-दुसरे झाड गेले असेल, लक्षातही आले नसेल.

आता चांगल्या जिवाणूंकडे वळू या. दूध विरजताना आपण काय करतो? चमचाभर चांगले विरजण घालतो. त्यातले जिवाणू भराभर वाढून दुधाचा ताबा घेतात, आणि मग नासवणाऱ्यांना जागा उरत नाही. मुळांपाशी करायचे ते याच धर्तीचे. झाडाची मुळे मातीत साखर आणि इतर रस सोडत असतात. त्या रसावर जगणारे असंख्य जीव मुळांभोवती गर्दी करून असतात. त्यात सुडोमोनास फ्लुरोसन्स हा जिवाणू मुळांवर वस्ती करण्यात पटाईत आहे. यष्टीत आधी चढून रुमाल टाकणाऱ्यासारखा तो जागा धरून बसतो. मातीतले लोह ओढून घेणारा एक पिवळट-हिरवा पदार्थ तो तयार करतो. त्यामुळे रोगाच्या जंतूंना लोहाची चणचण भासते. हे काम कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९८० साली 'नेचर' या नियतकालिकात मांडले. याशिवाय तो जंतुनाशक द्रव्ये सोडतो, आणि मुळांवर त्याची वस्ती झाली की सगळ्या झाडाची प्रतिकारशक्ती जागी होते. लहान मुलाला लस टोचल्यावर होते काहीसे तसे, पण अगदी तसेच नाही, कारण झाडाला आपल्यासारखे रक्त नाही.

दुसरा उपयोगी जिवाणू बॅसिलस सबटिलिस. तो प्रतिकूल काळात कठीण कवचाचे बीजाणू करून झोपी जातो, म्हणून त्याची भुकटी सुडोमोनासपेक्षा जास्त दिवस टिकते. ट्रायकोडर्माचे नावही दुकानात ऐकाल. ती मात्र उपकारक बुरशी आहे, आणि तिचा खरा उपयोग बुरशीच्या मरीवर.

आपल्याजवळचाच एक दाखला सांगते. जुने गोवे येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी वांग्याच्या झाडांच्या आत राहणारे निरुपद्रवी जिवाणू वेगळे काढले आणि त्यांतले कोणते या मरीच्या जंतूला रोखतात ते तपासले. त्यात सुडोमोनास गटातले जिवाणू आघाडीवर निघाले. २००९ साली हे काम प्रसिद्ध झाले. मला यातली गंमत अशी वाटते की औषध शोधायला ते दूर कुठे गेले नाहीत, रोगाच्याच जागी बघितले. ज्या मातीत दुखणे, त्याच मातीतल्या झाडात त्याचा पहारेकरी.

आता प्रत्यक्ष कृती. एक गोष्ट आधी पक्की करा: हे विरजण आहे, दूध नासल्यावर घालायचे नाही. मान टाकलेल्या झाडाला या जिवाणूंनी, किंवा आज मिळणाऱ्या कुठल्याही औषधाने, उठवता येत नाही. सारा खेळ लावणीच्या आधीचा आहे.

पुडा घेताना बनवल्याची तारीख आणि मुदत वाचा. भुकटीच्या एका ग्रॅममध्ये किमान दहा कोटी जिवंत जिवाणू असावेत अशी अपेक्षा असते, आणि पुड्यावर तसा आकडा छापलेला असतो. दुकानात पुडा उन्हाच्या काचेत मांडलेला असेल तर घेऊ नका. आतले जीव केव्हाच गेलेले असतात आणि आपण शंखजिऱ्याची पूड विकत आणतो. घरी आणल्यावर चुलीजवळ नको, मुलांच्या हाती नको आणि पिठाच्या डब्यांच्या फळीवर तर नकोच. भुकटी कालवताना नाकाला पदर लावा, नंतर हात साबणाने धुवा.

बी घरीच टाकत असाल तर बियांना भाताची थंड पेज किंचित चोळून त्यावर चिमूटभर भुकटी चोळा. अर्धा तास सावलीत सुकवून पेरा. प्रमाण किलोला दहा ग्रॅमचे आहे, पण परसबागेला बी लागते ते पाकिटभर, त्याला चिमूट पुरते.

लावणीच्या आठ-दहा दिवस आधी चांगले कुजलेले, थंड झालेले शेणखत घ्या. एक किलो खताला पन्नास ग्रॅम भुकटी मिसळा, हाताला ओल लागेल इतके पाणी शिंपडा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवा. मधे एकदा वरखाली करा. या दिवसांत जिवाणू खतात वाढतात. लावताना प्रत्येक खड्ड्यात मूठभर घाला. ताजे शेण वापरू नका, त्याच्या उष्णतेने सगळे मुसळ केरात.

लावणीच्या दिवशी एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम भुकटी ढवळून रोपांची मुळे अर्धा तास त्यात बुडवून ठेवा. पुड्यावर निराळे प्रमाण लिहिले असेल तर ते पाळा. दहा ग्रॅम म्हणजे किती चमचे, हे घरच्या काट्यावर एकदाच मोजून ठेवा, कारण भुकटी हलकी असते आणि अंदाज चुकतो. नळाचे पाणी असेल तर ते आदल्या रात्री रुंद तोंडाच्या घमेल्यात उघडे ठेवा म्हणजे त्यातला क्लोरीन उडून जाईल. विहिरीचे असेल तर प्रश्नच नाही. पुढे तीन आठवड्यांनी, संध्याकाळी उन्हे कलल्यावर, त्याच प्रमाणाचे पाणी झाडाच्या बुडाशी पेलाभर ओता. महिन्याने पुन्हा एकदा.

या जिवाणूंबरोबर बुरशीनाशक, मोरचुदाचे मिश्रण किंवा जंतुनाशक भुकटी कधीही मिसळू नका. दोन्हींत आठ-दहा दिवसांचे अंतर हवेच. कितीतरी जणी सकाळी जिवाणू घालतात, संध्याकाळी दुकानदाराने सांगितलेले फवारतात आणि मग म्हणतात की जिवाणूंचा गुण येत नाही. स्ट्रेप्टोमायसिनच्या पुड्यांविषयी तर माझे मत स्पष्ट आहे. ते माणसांच्या आजाराचे औषध आहे. मातीत ओतून मरगळलेले झाड उठत नाही, चांगले जिवाणू मात्र मरतात, आणि अशा वापराने पुढे ते औषध माणसाला लागू पडेनासे होण्याचा धोका असतो.

बाईंच्या उरलेल्या एकोणतीस झाडांचे बोलू. मेलेली झाडे मुळांसकट, मातीच्या गोळ्यासह पिशवीत भरा आणि वाळवून जाळा. उकिरड्यावर नको, ओढ्यात तर मुळीच नको. त्या खड्ड्यांत चुना किंवा ब्लीचिंग पावडर टाका, आणि तिथे चांगले जिवाणू घालून वाया दवडू नका. मेलेल्या झाडांना लागून असलेली झाडे आज हिरवी दिसली तरी त्यांचा भरवसा धरू नका. दूरच्या झाडांच्या बुडाशी मात्र सुडोमोनासचे पाणी घालायला हरकत नाही. त्याने सगळी वाचतील असे वचन मी देणार नाही. पाटाने पाणी सोडणे आजपासून बंद करून प्रत्येक झाडाला तांब्याने वेगळे पाणी द्या. खुरपे मुळांजवळ चालवू नका, आणि एका आळ्यातून दुसऱ्यात जाताना त्यावर उकळते पाणी ओता. माझ्या मते यंदा खरी मदत होईल ती या तांब्याची आणि खुरप्याची, पुड्याची पुढच्या वर्षी.

गेलेल्या झाडांवरची फळे टाकून देऊ नका. हा जंतू माणसाला बाधत नाही. अलीकडे औषध फवारलेले नसेल तर हिरव्या टोमॅटोची तीळ-लसूण घालून चटणी करा, फार चवदार लागते. फळे धुतलेले पाणी वाफ्यात ओतू नका, आणि त्या फळांचे बी धरू नका.

पुढच्या वर्षी त्या जागी भावकीतले काही लावू नका. मका, कांदा, लसूण, मेथी, घेवडा चालेल. खाचर असेल तर भात सर्वांत उत्तम, कारण पाणी साचलेल्या जमिनीत या जंतूचा जोर ओसरतो. बांधाला झेंडू लावा. त्याने सूत्रकृमी कमी होतात आणि दसऱ्याला फुलेही विकली जातात. उन्हाळ्यात वाफा ओला करून त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक पसरून कडा मातीने दाबा आणि महिना-दीड महिना तापू द्या. माती तपासून आम्लता जास्त निघाली तर चुना सांगतील तेवढाच घाला. टोमॅटोवाचून चैन पडत नसेल तर तेलाच्या रिकाम्या डब्यांना भोके पाडून, दुसरीकडची चांगली माती भरून, त्यात आठ-दहा झाडे लावा. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची 'अर्का रक्षक' ही संकरित जात या मरीला बऱ्यापैकी दाद देत नाही. चौकशी करून ती रोपे मिळवा आणि त्यांनाही मुळांचे स्नान घालाच. काही रोपवाटिका वांग्याच्या खुंटावर टोमॅटोचे कलम बांधून देतात. महाग पडते, पण दहा झाडांना परवडेल.

घरधन्यांच्या 'उद्योग बंद'विषयीही दोन शब्द लिहिते. तुमच्या भागात उसाला हुमणी लागते तेव्हा ऊस बंद होतो का? तेव्हा कृषी अधिकाऱ्याला विचारतात, औषध आणतात, पुढच्या हंगामाची तयारी करतात. परसातल्या चाळीस झाडांनाही तोच न्याय लावावा. मुलीची फी त्यांनीच भरली होती, हे हवे तर पत्राचा हा भाग वाचून दाखवून आठवण करून द्या. बचत गटाच्या बैठकीत हप्त्याची सवलत आताच मागा, पुढच्या महिन्यात थकल्यावर नको. आणि पेल्याचा प्रयोग गटातल्या बाकीच्या बायकांसमोर करून दाखवा. त्यांच्याही परसात मिरची-वांगी असणारच.

विरजणाचा दाखला दिला की हमखास एक प्रश्न येतो, म्हणून आधीच लिहिते: मग ताकच घातले तर? नको. दह्याचे जिवाणू दुधात रमतात, मुळांवर ठाण मांडून राहण्याची त्यांची रीत नाही. आंबट ताकाने तुमची आधीच आंबट असलेली माती सुधारणार नाही, आणि मुंग्या मात्र येतील. ताक कढीलाच ठेवा.